वेग उतरला, अँपिअर तेवढेच: हायड्रोजन कॉम्प्रेसरला व्हीएफडी बसवताना

परभणीकडचा एक पोरगा माझ्याबरोबर हायड्रोजन कॉम्प्रेसरच्या कमिशनिंगला होता. मोटरला व्हीएफडी, म्हणजे विजेचे हर्ट्झ बदलून तिचा वेग बदलणारा ड्राइव्ह, बसवला होता. ड्राइव्हच्या आउटपुट केबलला क्लिप-ऑन मीटर लावून पोरगा बराच वेळ नुसता बघत उभा राहिला. मग म्हणाला, "सर, पन्नास हर्ट्झला त्रेपन्न अँपिअर होते. तीसला आणलं तरी बावन्नच दाखवायलंय. मीटर गंडलं का?"

मीटर धड होतं. म्हटलं, हेच मीटर आता इनपुटला लाव. तिथं आकडा एकतीस-बत्तीसवर आला होता. पोरगा माझ्याकडं बघायला लागला आणि मला माझी स्वतःची पहिली फजिती आठवली. ती पुढं सांगतो.

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा नाहीतर जालन्याच्या रोलिंग मिल, आपल्याकडं ड्राइव्हचं काम शिकणारा जवळपास प्रत्येक जण पंपावर किंवा ब्लोअरवर शिकतो. तिथं वेग उतरवला की वीज वेगाच्या घनानं उतरते. ते शिकलेलं हायड्रोजनच्या कॉम्प्रेसरला जसंच्या तसं लावलं की घोटाळा होतो. आयटीआय किंवा डिप्लोमा करून या कामात नव्यानं शिरणाऱ्यांनी कोणत्या क्रमानं विचार करावा, ते इथं मांडतो आहे. केंद्रानं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींची मंजुरी दिली, राज्याचंही धोरण त्याच वर्षी आलं. त्यामुळं ही यंत्रं आता आपल्या पोरांच्याही हाताखाली येणार. पाणी कुठून आणणार, हा मराठवाड्यातला पहिला प्रश्न मी बाजूला ठेवतो. एक किलो हायड्रोजनला नुसत्या रसायनाच्या हिशेबानं नऊ लिटर शुद्ध पाणी लागतं, आणि शुद्ध करताना वाया जातं ते वेगळंच. ऊन मात्र आपल्याकडं रग्गड, आणि ड्राइव्हची गरज त्या उन्हामुळंच पडते: सौर विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढला की ऊन कमी-जास्त होईल तसा गॅसही कमी-जास्त येतो.

आधी कॉम्प्रेसर कुठल्या जातीचा ते बघा

शून्य अंशाला, साध्या हवेच्या दाबाला एक घनमीटर हायड्रोजनचं वजन भरतं जेमतेम ९० ग्रॅम. किलोमागं ऊर्जा दांडगी, साधारण ३३ युनिट. पण तो एक किलो साध्या दाबाला ठेवायचा तर गच्चीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाक्या अकरा लागतील. तोच गॅस २०० बारला दाबला की एका घनमीटरमध्ये १४-१५ किलो बसतो. म्हणून ट्यूब ट्रेलर (लांब नळकांड्यांतून दाबलेला गॅस नेणारी गाडी) भरायचा असो की पाइपलाइनीत ढकलायचा असो, मध्ये कॉम्प्रेसर आलाच.

ट्रेलर भरण्याच्या कामावर तुम्हाला बहुधा पिस्टनचा किंवा डायफ्रामचा (तेलाच्या दाबानं पातळ पडदा हलवून गॅस दाबणारा) कॉम्प्रेसर दिसेल. दोन्हींची गोष्ट एकच: प्रत्येक फेऱ्यात ठरावीक गॅस आत घ्यायचा, दाबायचा, पुढं ढकलायचा. फेरे निम्मे केले की गॅस निम्मा. पण प्रत्येक फेऱ्यात पिस्टनला ढकलावं लागतं ते समोरच्या दाबाविरुद्ध, आणि तो दाब तुमच्या वेगाकडं बघून कमी होत नाही. म्हणजे टॉर्क, शाफ्ट फिरवायचा जोर, तोच राहतो. मोटरचा करंट टॉर्कच्या मागं जातो, म्हणून तोही तोच. परभणीकराच्या मीटरचं उत्तर हे. इनपुटला करंट उतरला, कारण तिथून जाते ती शक्ती, आणि शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले वेग.

सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसर मोठ्या पाइपलाइनीवर असतो. तिथं वेगाचा घन लागू होतो, पण समोरचा दाब ठरलेला असला की वेग थोडाच उतरवता येतो, पुढं सर्ज होतो, म्हणजे गॅस उलटा फिरून हिसके देतो. शिवाय हायड्रोजनचा रेणू मिथेनच्या आठव्या हिश्शाइतका हलका. तेवढ्याच दाबाच्या गुणोत्तराला आठपट हेड, म्हणजे किलोमागं द्यायची ऊर्जा, लागतं. म्हणून तिथं प्रचंड वेगाची चाकं, अनेक टप्पे आणि मोठ्या व्होल्टेजचे ड्राइव्ह असतात. नवख्याच्या वाट्याला ते काम लवकर येत नाही, म्हणून पुढचं सगळं पिस्टन आणि डायफ्रामबद्दल.

मग बचतीचा हिशेब, खरा

माझी फजिती अशी. कामाला लागून दोन वर्षं झाली होती. एका कारखान्यात पिस्टन कॉम्प्रेसरला ड्राइव्ह लावायचा होता. साहेबांनी विचारलं, किती वाचेल? मी पंपाच्या सवयीनं ०.८ चा घन केला, ०.५१ आला, आणि छातीठोकपणे सांगितलं की वीस टक्के वेग उतरवला की वीज निम्मी. महिन्याभरानं मीटरचं रीडिंग आलं तेव्हा बचत होती वीस टक्क्यांच्या आतच. साहेब काही बोलले नाहीत. नुसता कागद माझ्याकडं सरकवला. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता आकडे घेऊन बघू. समजा १ मेगावॉटचा इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेनं पाणी फोडून हायड्रोजन काढणारं यंत्र, आहे. पूर्ण भारावर तो तासाला १८-१९ किलो हायड्रोजन देतो आणि बाहेरचा दाब ३० बार. ट्रेलर भरायचा २०० बारला. ३० वरून २०० ला नेण्याचं आदर्श, म्हणजे गॅस अजिबात तापू न देता केलेलं काम किलोमागं ०.६५ युनिटच्या आसपास येतं. प्रत्यक्षात दोन टप्पे, घर्षण आणि व्हॉल्व्हमधलं नुकसान धरून त्याच्या पावणेदोन-दोनपट धरा. म्हणजे २२-२५ किलोवॉट, मोटर बसेल ३० किलोवॉटची.

सकाळी नऊला ऊन कोवळं, इलेक्ट्रोलायझर साठ टक्क्यांवर. ड्राइव्ह नसेल तर कॉम्प्रेसर पूर्ण वेगानं फिरतो आणि जास्तीचा गॅस बायपासनं परत सक्शनला, म्हणजे गॅस आत घेण्याच्या बाजूला, येतो. आधी दाबायचा, मग सोडायचा, वीज शंभर टक्क्यांच्या जवळ. ड्राइव्ह असेल तर वेग साठ टक्के, वीज साठ टक्के अधिक ड्राइव्हचं स्वतःचं दोन-तीन टक्के नुकसान. वाचले नऊ-दहा किलोवॉट. शेजारी इलेक्ट्रोलायझर त्याच वेळी सहाशे खातोय. तेव्हा वीजबिल निम्मं होईल असं सांगून ड्राइव्ह विकणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

माझ्या मते या कामात ड्राइव्हची खरी कमाई दुसरीकडं आहे. सक्शनचा दाब स्थिर राहतो, ढग आला-गेला की दिवसातून दहा वेळा होणारं चालू-बंद थांबतं, आणि सुरुवातीचा सहा-सातपट करंटचा दणका टळतो. डायफ्राम कॉम्प्रेसरला तर हे चालू-बंदच मारतं.

उत्पादकाला विचारायचे प्रश्न

हे प्रश्न ड्राइव्हची ऑर्डर जाण्याआधी विचारा, लेखी विचारा, आणि उत्तर फाइलला लावा.

पहिला: कमीत कमी वेग किती? बरेच जण ड्राइव्ह पाच हर्ट्झला चालतो म्हणून कॉम्प्रेसरही चालेल असं धरतात. पण तेलाचा पंप क्रँकलाच जोडलेला असेल तर वेगाबरोबर तेलाचा दाबही उतरतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा ठरावीक वेगासाठी बसवलेल्या असतात, खाली गेलं की त्या फडफडतात. डायफ्राम कॉम्प्रेसरमध्ये तेलाची भरपाई करणारा छोटा पंपही क्रँकवरूनच चालतो. तो मंदावला की डायफ्रामखाली तेल अपुरं पडण्याची भीती. आणि पिस्टनच्या यंत्रात क्रॉसहेडच्या (पिस्टनचा दांडा कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या भागाच्या) पिनेवरचा भार प्रत्येक फेऱ्यात एकदा दिशा बदलायला हवा, तेव्हाच पिनेखाली तेल शिरतं. एपीआय ६१८ या पिस्टन कॉम्प्रेसरच्या अमेरिकन मानकात याला किमान १५ अंश क्रँक फिरेपर्यंतचा अवधी मागितला आहे. हा भार दाबावर आणि वेगावर, दोन्हींवर ठरतो, म्हणून पूर्ण वेगाचा दाखला अर्ध्या वेगाला चालत नाही.

दुसरा: या वेगाच्या पट्ट्यात टॉर्शनल अभ्यास केला आहे का? एकाच वेगाचं यंत्र एकदा घातक वेगापासून लांब बसवलं की झालं. ड्राइव्हवर तुम्ही पट्टाभर हिंडणार, वाटेत कुठंतरी शाफ्टची पिळवटण्याची नैसर्गिक वारंवारता गाठणारच. ही पीळ बेअरिंगवर हात ठेवून कळत नाही. कपलिंगच्या रबराचा काळा भुगा बेसप्लेटवर पडलेला दिसतो तेव्हा कळते. पाइपातल्या दाबाच्या लाटांचंही तसंच. हायड्रोजनमध्ये ध्वनी सेकंदाला सुमारे १३०० मीटर धावतो, नैसर्गिक वायूच्या तिप्पट, त्यामुळं दुसऱ्या गॅसवरचा पाइपिंगचा अनुभव इथं कामाचा नाही.

तिसरा प्रश्न तापमानाचा, आणि तो आपल्या भागात जास्त जाचतो. हायड्रोजनसारख्या हलक्या गॅसला एपीआय ६१८ डिस्चार्जचं, म्हणजे बाहेर पडणाऱ्या गॅसचं, तापमान १३५ अंशांच्या आत ठेवायला सांगतं. वरच्या उदाहरणात प्रत्येक टप्प्याचं दाबाचं गुणोत्तर २.५८ येतं. गॅस ३० अंशांनी आत आला तर आदर्श गणितानं १२६ अंशांनी बाहेर पडतो. तोच मे महिन्यात, हवेवरच्या कूलरमधून ४५ अंशांनी आत आला तर १४६. पुण्या-मुंबईच्या हवेवर काढलेली डेटाशीट इथं अशी उघडी पडते. वेग उतरवला की हेही उतरेल असं पुष्कळांना वाटतं. तापमान ठरतं ते गुणोत्तरावर आणि आत येणाऱ्या गॅसवर, वेगानं फरक पडतो तो किरकोळ. उपाय कूलरमध्ये आहे, ड्राइव्हच्या की-पॅडवर नाही.

मोटर

हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत पेट घेतो, आणि पेटायला ठिणगी लागते ती ०.०२ मिलिज्यूलची. उजेडात ज्योत दिसतही नाही. गॅसच्या वर्गवारीत तो सगळ्यात कडक गटात, म्हणजे आयआयसी मध्ये बसतो. नवखा माणूस नेमप्लेटवर फ्लेमप्रूफ (आतली ज्वाला बाहेर न सोडणारी) आणि टी४ हा तापमानाचा वर्ग वाचून खूश होतो. तापमानाचा वर्ग हायड्रोजनला अडचणीचा नाहीच, तो आपोआप पेटतो पाचशे अंशांच्याही वर. बघायचा तो गट. नुसतं आयआयबी, म्हणजे खालचा गट, लिहिलेली मोटर इथं चालत नाही. आयआयसी हवं, किंवा आयआयबी अधिक एच२ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. आपल्याकडं अशा उपकरणांना पेसो या केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्थेची मान्यता लागते, तिचं मुख्यालय नागपूरला आहे. कागद मागवताना प्रमाणपत्राचं शेवटचं पान नीट वाचा: ही मोटर ड्राइव्हवर चालवायला मान्य आहे का, आणि किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत? बरीच प्रमाणपत्रं थेट सप्लायपुरतीच असतात.

आता टॉर्कचा मुद्दा परत येतो. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर. वेग साठ टक्के झाला की वारा साठ टक्क्यांवर, पण करंट मात्र पूर्ण, म्हणजे तांब्याची उष्णता तेवढीच. पंपावर हा त्रास होत नाही, कारण तिथं करंटही उतरतो. म्हणून इथं एक साइज मोठी मोटर घ्या, नाहीतर वेगळ्या मोटरचा पंखा लावा (तोही त्याच गटाचा). आणि वाइंडिंगचं तापमान ओळखणाऱ्या पीटीसी थर्मिस्टरच्या वायरी पीएलसीत (यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) नुसत्या दाखवायला नेऊ नका. रिलेतून थेट ट्रिपला जोडा.

ड्राइव्ह कुठला आणि कुठं

कॅटलॉगात एकाच ड्राइव्हचे दोन आकडे असतात. नॉर्मल ड्यूटी म्हणजे मिनिटभर ११० टक्के, हेवी ड्यूटी म्हणजे मिनिटभर १५० टक्के. पिस्टन कॉम्प्रेसरला हेवी ड्यूटीचा आकडा धरा, आणि किलोवॉटपेक्षा अँपिअर जुळवा. ट्रेलर रिकामा असताना भार हलका वाटेल. भरत आला, समोर २०० बार उभे राहिले की टॉर्क चढतो. निवड त्या शेवटच्या तासासाठी करायची.

ड्राइव्ह स्वतः गॅसच्या हद्दीत ठेवायचा नाही. सुरक्षित हद्दीतल्या खोलीत ठेवायचा, आणि कॉम्प्रेसरकडून येणारे केबलचे ट्रेंच नीट बुजवायचे. ३० किलोवॉटचा ड्राइव्ह सहा-सातशे वॉट उष्णता सोडतो, म्हणजे बंद कपाटात इस्त्री चालू ठेवल्यासारखं. ड्राइव्हचं रेटिंग साधारण ४० अंशांपर्यंतचं, त्यापुढं दर अंशाला एक टक्का कमी धरायचा असा बहुतेकांचा नियम. नांदेड-परभणीत मे महिन्यात बाहेरच पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, पॅनलच्या आत पन्नास सहज. एसी लावणार नसाल तर एक साइज मोठा घ्या. उंचीची मात्र काळजी नको. हजार मीटरच्या वर रेटिंग कमी करावं लागतं, आणि संभाजीनगर त्याच्या बरंच खाली आहे.

जवळपास जिनिंग असेल तर पंख्याच्या जाळीवर कापसाचा थर महिन्यात बसतो. आणि पाली. पॅनलच्या तळाची केबल ग्लँडची रिकामी भोकं उघडी राहिली की ऊबेला पाल आत जाते, बसबारवर चढते, आणि तुम्हाला रात्री दोनला फोन येतो. प्लग दहा-वीस रुपयांचा असतो.

मागची बाजू: हार्मोनिक्स आणि कपॅसिटर

साध्या ड्राइव्हच्या तोंडाशी डायोडचा पूल असतो. तो सप्लायमधून करंट गुळगुळीत न ओढता लचके तोडतो, आणि पाचवा-सातवा हार्मोनिक, म्हणजे २५०-३५० हर्ट्झचा करंट, मागं सोडतो. डीसी चोक किंवा ३ टक्क्यांचा लाइन रिअॅक्टर घ्याच. एका ठिकाणी आम्ही ड्राइव्ह बसवला आणि तिसऱ्या दिवशी एपीएफसी (पॉवर फॅक्टर आपोआप सांभाळणाऱ्या) पॅनलमधले दोन कपॅसिटर फुगून आले. ड्राइव्हला सगळे दोष द्यायला लागले. खरं तर कपॅसिटरना रिअॅक्टरच नव्हता, आणि ट्रान्सफॉर्मरबरोबर त्यांचा अनुनाद पाचव्याच्या आसपास बसत होता. ७ टक्क्यांचे डीट्यून रिअॅक्टर लावले, अनुनाद १८९ हर्ट्झवर आला, विषय मिटला. जालन्याकडं तर फीडरवर आधीच इंडक्शन फर्नेसची घाण असते, तिथं आधी एक आठवडा पॉवर अॅनालायझर लावून बघा.

तारतम्य एवढंच ठेवा: इलेक्ट्रोलायझरचा रेक्टिफायर मेगावॉटचा, तुमचा ड्राइव्ह तीस किलोवॉटचा. हार्मोनिक्सचा अभ्यास करायचा तर दोन्हींचा एकत्र करा. नाहीतर उंटाकडं बघायचं सोडून शेळीला दावं बांधल्यासारखं होतं.

आणि ड्राइव्हच्या आउटपुटला कपॅसिटर कधीही लावू नका. जुन्या स्टार्टरबरोबर मोटरच्या टर्मिनल बॉक्सपाशी लावलेला कपॅसिटर काढायचा राहून जातो, तो आधी शोधा.

केबल

ड्राइव्हची खोली लांब ठेवली म्हणजे केबल लांबली. ड्राइव्हमधला इलेक्ट्रॉनिक स्विच, आयजीबीटी, सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो. प्रत्येक उघडझापीची लाट केबलमधून जाऊन मोटरवर आपटते, परत फिरते, आणि लांब केबलवर टर्मिनलपाशी व्होल्टेज डीसी बसच्या (ड्राइव्हच्या आतल्या डीसी व्होल्टेजच्या) दुप्पट होऊ शकतं. ४१५ व्होल्टच्या सप्लायला डीसी बस ५८५ च्या आसपास, दुप्पट म्हणजे अकराशेच्या वर. फ्लेमप्रूफ मोटरचं इन्सुलेशन त्या तयारीचं आहे का ते विचारा, आणि उत्पादकानं दिलेल्या लांबीच्या वर गेलात तर व्होल्टेजची चढ सौम्य करणारा डीव्ही-डीटी फिल्टर बसवा.

केबल शील्डची घ्या, अर्थच्या तारा तीनही फेजभोवती सारख्या वाटलेल्या असतील अशी. शील्ड ग्लँडपाशी चहूबाजूंनी चिकटली पाहिजे. वेणी घालून शेपटीसारखी बोल्टला बांधायची आपली जुनी सवय इथं सोडा. शाफ्टमधून बेअरिंगमार्गे वाहणारा करंट थांबवायला मागचं बेअरिंग इन्सुलेटेड हवं. दुसऱ्या कारखान्यात बेअरिंगच्या रेसवर पत्र्यावर पन्हाळ्या पडाव्यात तशा रेघा पडलेल्या मी हातात धरून बघितल्या आहेत. तिथं नुकसान बेअरिंगपुरतं होतं. हायड्रोजनच्या खोलीत तो करंट म्हणजे ठिणगी. पट्ट्याची यंत्रणा असेल तर पट्टेही अँटिस्टॅटिकच.

पॅरामीटर भरताना

नेमप्लेटचे आकडे भरा, मोटर सुटी करून ऑटोट्यून करा, व्हेक्टर कंट्रोल निवडा. इथवर सगळे नीट करतात. चुका होतात त्या पुढच्या चार-पाच जागी.

कमाल वेग ५० हर्ट्झला कुलूपबंद करा. किमान वेग उत्पादकानं दिलेला भरा आणि पासवर्ड लावा, कारण रात्रपाळीला कुणीतरी "थोडं अजून खाली जातंय का बघू" म्हणतोच. टॉर्शनल अभ्यासात आलेले पट्टे स्किप फ्रिक्वेन्सीत भरा, म्हणजे ड्राइव्ह तिथं रेंगाळत नाही. चढणीचा रॅम्प ३०-६० सेकंदांचा ठेवा.

ऑटो-रिस्टार्ट बंद. वळवाच्या पावसात लाइट पाच वेळा जाते-येते. लाइट आली म्हणून यंत्र आपणहून सुरू झालं असं इथं होता कामा नये. कॉम्प्रेसर दाबाखाली अडकून थांबलेला असतो, आधी बायपास उघडून दाब उतरवायचा, मग स्टार्ट.

वेग किती ठेवायचा ते सांगणारा ४-२० मिलिअँपिअरचा सिग्नल तुटला तर काय करायचं, याला ड्राइव्ह तीन पर्याय देतो. त्यातला "शेवटच्या वेगानं चालू ठेव" हा इथं कधीच निवडू नका. आणि इमर्जन्सी स्टॉप, गॅस डिटेक्टर, सक्शनचा कमी दाब या ट्रिपा नेटवर्कवरून न आणता ड्राइव्हच्या सेफ टॉर्क ऑफ (मोटरचा जोर थेट तोडणाऱ्या) टर्मिनलवर वायरीनं आणा. गॅस डिटेक्टर छताजवळ हवेत, हायड्रोजन वर पळतो.

वेग कुणाच्या सांगण्यावर बदलणार

ड्राइव्हचा पीआयडी, म्हणजे मोजलेला दाब बघून वेग आपोआप बदलणारा कंट्रोलर, सक्शनच्या दाबावर लावा. इलेक्ट्रोलायझरनं गॅस जास्त दिला की दाब चढतो, वेग वाढतो. ढग आला की दाब उतरतो, वेग कमी होतो. वेग किमान मर्यादेला टेकला आणि तरीही दाब उतरतोच आहे, तर तिथून पुढं बायपासचा व्हॉल्व्ह उघडायला लागला पाहिजे. एकाच कंट्रोलरच्या आउटपुटचे दोन भाग करायचे: वरचा ड्राइव्हला, खालचा व्हॉल्व्हला. दोघांना वेगवेगळे पीआयडी दिले तर बैलजोडीतला एक पुढं ओढतो, एक मागं, आणि दाब झोके खातो.

सक्शनच्या कमी दाबाची ट्रिप ही या अख्ख्या कामातली सगळ्यात महत्त्वाची वायर आहे असं मी मानतो. ३० बारच्या इलेक्ट्रोलायझरवर थोडी सवड असते. पण साध्या दाबाच्या अल्कलाइन युनिटवर गॅस आधी होल्डरमध्ये येतो, तिथं दाब जेमतेम काही मिलिबार. कॉम्प्रेसर पुरवठ्यापेक्षा जोरात ओढायला लागला की सक्शनला व्हॅक्यूम होतो, कुठल्यातरी ढिल्या फ्लँजमधून हवा आत येते, आणि ४ ते ७५ टक्क्यांमधलं मिश्रण तुम्ही स्वतःच्या हातानं दाबायला घेता. ड्राइव्ह नसताना यंत्राचा वेग ठरलेला होता. आता तो पीआयडीच्या हातात आहे, आणि चुकीचा ट्यून केलेला पीआयडी अगदी आज्ञाधारकपणे व्हॅक्यूम करतो.

पहिला स्टार्ट

मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेजनं इन्सुलेशनची तपासणी, करायचा तर मोटर ड्राइव्हपासून सोडवून करा. ड्राइव्हवर मेगर चालवून आउटपुट जाळलेले मी दोन पाहिलेत. सप्लाय बंद केल्यावर डीसी बस लगेच मरत नाही. दारावर लिहिलेली मिनिटं थांबा, मग मीटरनं मोजा, मग हात घाला. ड्राइव्ह वर्षाहून जास्त गोदामात पडून असेल तर त्याच्या आतले कपॅसिटर रिफॉर्म करून घ्या, म्हणजे हळूहळू व्होल्टेज चढवून.

कपलिंग सोडून दिशा तपासा. दोन फेज बदलायच्या तर आउटपुटला बदला. इनपुटला बदलून दिशा फिरत नाही, कारण मध्ये डीसी आहे. एका जुन्या वायरमन मामांनी माझ्यासमोर दोनदा इनपुट बदललं, मग हसून म्हणाले, "ह्ये तर गावातल्या म्हशीवाणी झालं. कुठूनबी हाका, त्याच दारात जायलंय."

मग नायट्रोजनवर चालवा. लाइनीतली हवा निघून जाते आणि ड्राइव्हची चाचणी धोक्याविना होते. नायट्रोजन चौदापट जड, व्हॉल्व्हमधून जाताना अडतो, म्हणून उत्पादकानं दिलेल्या कमी दाबावरच. किमान वेगापासून थोडा थोडा वेग चढवा, प्रत्येक पायरीला दहा मिनिटं थांबा. वेग, आउटपुट करंट, दोन्ही टप्प्यांचं तापमान, तेलाचा दाब आणि कंपन वहीत लिहा. साधं मीटर ड्राइव्हच्या आउटपुटला खोटं बोलतं, ट्रू आरएमएस मीटर घ्या किंवा ड्राइव्हच्या डिस्प्लेवर विसंबा.

ही वही जपून ठेवा. हायड्रोजनवर गेल्यावर पहिला महिना रोज तेच आकडे त्याच वेळी घ्या. एकाच वेगाला, एकाच दाबाला करंट हळूहळू चढत असेल तर बहुधा यंत्र घट्ट होतंय. करंट तोच आणि गॅस कमी येत असेल तर आधी रिंगा आणि व्हॉल्व्ह बघा. आणि पहिल्या टप्प्याचं डिस्चार्ज तापमान चढलं, दोन टप्प्यांमधला दाबही चढला, तर दुसऱ्या टप्प्याचा सक्शन व्हॉल्व्ह आधी उघडा. परभणीकरानं गेल्या उन्हाळ्यात असाच एक व्हॉल्व्ह शोधला, ट्रिप होण्याआधी चार दिवस. मला फोटो पाठवला: तुटलेली प्लेट तळहातावर, आणि मागं वहीचं पान उघडं.